तिसऱ्या पट्टीवरची एक रेघ

१

‘ताय, त्या सलिलचे डोले बगा एक डाव. सकालच्या पारी गॉगल कनाला लागतो त्याला?’

शाळेच्या व्हॅनवाल्या देवरामकाकांनी हे जूनमध्येच सांगितलेलं. वर्षाली तेव्हा लेकीच्या दप्तराची चेन ओढत होती. तिने नुसतं ‘हो हो’ केलं. तिला वाटलं, साठीला आलेला माणूस, नव्या पोरावर जळतोय, दुसरं काय! सलिल तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा, ‘गुड मॉर्निंग मॅम’ म्हणणारा. त्याच्या गाडीत नेहमी पुदिन्याचा वास. बाकीच्या आया तर म्हणायच्या, ड्रायव्हर असावा तर असा.

वर्षाली तशी काळजीखोर बाई. पाच वर्षांच्या नयनच्या डब्यातली द्राक्षंसुद्धा ती उभी चिरून द्यायची, घशात अडकायला नकोत म्हणून. ‘तुझी काळजी म्हणजे बटण तुटलेला पंखा,’ असं तिचा नवरा केदार म्हणायचा, ‘बंदच होत नाही.’ पण नेमका त्या दिवशी तो पंखा बंद होता.

डिसेंबरातल्या सोमवारी, साडेनऊला, व्हॅनच्या पालकांच्या ग्रुपवर फोटो आला.

टेबलावर ओळीने ठेवलेल्या तीन पांढऱ्या डब्या, करंगळीएवढ्या. प्रत्येकीला एक खिडकी, आत चाचणीची पट्टी आणि खाली मार्करने नाव. ‘देवराम’च्या खिडकीत दोन लाल रेघा. ‘काळुराम’च्या खिडकीत दोन. ‘सलिल’च्या खिडकीत एकच.

खाली व्हॅनचे मालक केतनशेठ यांचा मेसेज होता: ‘गाडीत गांजाचा वास येतो अशी एका पालकांची तक्रार आलेली. आज सकाळी तिन्ही ड्रायव्हरांची लाळेची चाचणी जागेवरच घेतली. दोघे पॉझिटिव्ह. दोघांनाही काढलंय. आमच्याकडे माफी नाही. गुरुवारची टिटवाळ्याची सहल ठरल्याप्रमाणे होईल. शिशुवर्गाची सोळाही मुलं सलिलच्या मोठ्या गाडीतून जातील.’

खाली हात जोडलेले, टाळ्यांचे, सलामांचे चव्वेचाळीस इमोजी.

वर्षाली फोटोकडे बघत राहिली. दोन रेघा. दोन रेघा तिने आयुष्यात दोनदा बघितल्या होत्या. एकदा नयनच्या वेळी, बाथरूममध्ये, आनंदाने. दुसऱ्यांदा करोनात, सासऱ्यांच्या चाचणीत. दोन्ही वेळा त्या रेघा खऱ्या निघालेल्या.

पण देवरामकाका? गळ्यात तुळशीची माळ, चहासुद्धा बिनसाखरेचा. वळणावर गाडी इतकी हळू घ्यायचे की मुलं ‘काका, बैलगाडी!’ म्हणून चिडवायची. तो माणूस आणि गांजा?

तिने टाइप केलं, ‘मला हे पटत नाही.’ आणि पाठवून दिलं.

अर्ध्या मिनिटात केतनशेठचं उत्तर आलं. ‘मॅडम, मशीन खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.’

२

मानपाड्याच्या मागच्या गावात देवरामकाकांचं तीन मजली घर होतं. वडिलार्जित भातशेतीवर आता इमारती उभ्या होत्या. पोटासाठी गाडी चालवायची त्यांना गरजच नव्हती. ‘पोरांचा किलबिलाट लागतो मना,’ ते म्हणायचे.

आज, मंगळवारी, मात्र ते ओटीवर खुर्ची भिंतीकडे तोंड करून बसलेले.

‘काका, मी वर्षाली. नयनची आई.’

‘बसा, ताय.’ ते वळले नाहीत. ‘नयन बरी हाय ना? खिडकीतून हात भायेर काढते ती. सलिलला सांगा.’

वर्षालीला भडभडून आलं. स्वतःवर चिखलफेक होत असताना हा माणूस तिच्या पोरीच्या हाताची काळजी करत होता.

चहा घेऊन सगुणामावशी आल्या. काकांच्या गाडीत मुलांची चढउतार करणाऱ्या, त्यांच्याच भावकीतल्या. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

‘सांगा ना तिला! नातीच्या सासरच्यांचा काल फोन आला. आठ दिसांवर साखरपुडा. इचारतात, तुमच्यात गांजा फुकतात काय? भजनात काल याच्या बाजूला कोनी बसला नाय. जल्मात तमाखू खाल्ला नाय या मानसानं!’

‘सगुणे, गप.’

‘का गप? मी नाय गप बसायची!’

वर्षालीने वही काढली. कल्याणच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलेली बाई ती. लग्नानंतर वहीत किराणाच लिहिलेला.

‘काका, सोमवारी सकाळी काय खाल्लं-प्यायलं?’

‘भाकरी. न् काढा. खोकला हाय ना.’ त्यांनी कोनाड्यातली हिरवी बाटली दाखवली. अडुळसा, ज्येष्ठमध, आणखी कसलीशी मुळी. गावातल्या वैदूने दिलेला.

वर्षालीने बाटलीचा वास घेतला. एखाद्या औषधाने पट्टी फसू शकते, असं तिने कुठेतरी वाचलेलं.

‘काळुरामदादासुद्धा काढा घेतात?’

सगुणामावशी हसल्याच. ‘काळू? तो ताडी घेतो! सांजच्याला, घरी बसून. म्हनून तर गुमान गेला. शेठ बोलला, तू नशा करतोस. हा बोलला, हो शेठ, घेतो मी, खोटं कनाला बोलू. पिशवी उचलली न् गेला टिटवाळ्याला भयनीकडं. फोन बंद.’

‘पण पट्टी गांजाची होती, मावशी. दारू-ताडीची नव्हे.’

‘तेच मी सांगते! गांजाच्या वासानं काळूला वकारी येते. मागं एकदा उत्सवात...’

वर्षालीची पेन्सिल थांबली. ताडी पिणारा माणूस गांजाच्या चाचणीत सापडला आणि त्याने ताडीची कबुली दिली. कबुली खरी, पण गुन्हा दुसराच! मग काळुरामच्या पट्टीवर दोन रेघा आल्या कुठून? त्याने तर काढाही घेतला नव्हता.

म्हणजे पट्ट्या कुणीतरी बदलल्या होत्या?

३

केतनशेठचं ऑफिस म्हणजे एक गाळा. बुधवारी सकाळी वर्षाली तिथे गेली तेव्हा शेठ सुपारी चघळत फोनवर होते. त्यांनी हातानेच ‘बसा’ केलं.

टेबलाला हात लागताच ते किंचित हललं. एका पायाखाली कागदाची जाड घडी सारलेली होती, तरीही.

‘मॅडम, तुमचं म्हणणं काय?’ फोन ठेवून शेठ म्हणाले. ‘दोन गाड्या बंद ठेवून मला काय मिळतं? उलट धंद्याची बोंब! मी मुलांसाठी केलंय. आणि गुपचूप नाही, सगळ्यांसमोर.’

हे खरं होतं. वर्षालीने मनातल्या यादीतून त्यांचं नाव अर्धं खोडलं.

‘चाचणी कुणी घेतली?’

‘ही काय, आपली हेमाली. करोनात डोंबिवलीच्या बूथवर होती. एक्स्पर्ट आहे.’

कोपऱ्यात रजिस्टर लिहिणारी मुलगी उठून उभी राहिली. पंचविशीची, बारीक, डोळ्यांखाली काळं. शेठ बाहेर गाडी बघायला गेले तशी वर्षाली तिच्याजवळ सरकली.

‘डब्यांवर नावं कधी लिहिलीस?’

‘आधीच, ताई. नाव लिहायचं, मग स्पंजची काडी त्याच माणसाच्या तोंडात फिरवायची, त्याच डबीत पिळायची. एक संपल्यावर दुसरा. अदलाबदल शक्यच नाही. दिवसाला दोनशे टेस्ट केल्यात मी.’

‘डब्यांजवळ कोण गेलेलं?’

‘कोणीच नाही. दहा मिनिटं मी हलले नाही. देवरामकाका डोळे मिटून बसलेले. काळूदादा बिडी मागत होता. आणि सलिल...’ ती थांबली. ‘सलिल मात्र फार काटेकोर. मी निकाल सांगितला, तू क्लीन, तर म्हणतो, काय? नीट बघितलंस ना? दोनदा विचारलं. मग एकदम हसत सुटला.’

वर्षालीने ते वहीत लिहून घेतलं, शब्दाला शब्द.

‘पट्टीसोबत माहितीचा कागद असेल ना?’

‘होता की. गेला कुठेतरी. मला कशाला लागतोय कागद, दोन वर्षं हेच केलंय.’ मग हेमालीने दाराकडे बघितलं आणि ड्रॉवरमधून दोन बंद पाकिटं काढून वर्षालीच्या पर्समध्ये सरकवली. ‘पाच आलेल्या, दोन उरल्यात. न्या. जाताना देवरामकाका मला म्हणाले, पोरी, तुजी चूक नाय. त्या दिवसापासून मला झोप नाही.’

बाहेर सलिल गाडी पुसत होता. गॉगल, पुदिना, इस्त्रीचा शर्ट.

‘टेन्शन नका घेऊ मॅम,’ तो म्हणाला. ‘म्हाताऱ्याचं वाईट वाटतं. बट रूल इज रूल.’

‘तक्रार कुठल्या गाडीबद्दल होती रे, सलिल?’

‘ते शेठला ठाऊक.’ फडकं एका काचेवर गोल गोल फिरत राहिलं. काच केव्हाच स्वच्छ झालेली.

दुपारी नयनला घरी आणताना वर्षालीने सहज विचारलं, ‘सलिलदादा गाडी कशी चालवतो गं?’

‘मस्त! तो ना, हिरव्या सिग्नललापण थांबतो. मागचे काका पीऽ पीऽ करतात. मग आम्ही सगळे ओरडतो, हिरवाऽऽ! मग तो उठतो.’

‘उठतो?’

‘म्हणजे जागा होतो,’ नयन म्हणाली आणि जिना चढायला लागली.

४

काळुरामचं कोडं सुटलेलं नव्हतं, पण हातात तपासता येण्याजोगी गोष्ट एकच होती: काढा. वर्षालीने काकांकडून आणलेली बाटली ओट्यावर ठेवली. बेत सोपा होता. काढा प्यायचा, चाचणी करायची. दोन रेघा आल्या की निदान काका तरी सुटले.

बाटलीचं बूच काढलं आणि प्रयोगशाळेतल्या बाईंचा आवाज कानात वाजला. आधी कोरी चाचणी! काही न घालता काय येतं ते बघितल्याशिवाय, घातल्याने काय झालं हे सांगणार कशी?

तिने बूच परत लावलं. पाकीट फोडलं. स्पंजची काडी गालाच्या आत फिरवली, डबीत पिळली, भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं मोजली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. तिने गॅस बंद केला आणि खिडकीत वाकून बघितलं.

दोन रेघा. लालभडक, ठसठशीत.

केदार दुपारच्या शिफ्टला निघायच्या तयारीत होता. तिने डबी त्याच्यापुढे धरली.

‘हे काय?’

‘गांजा,’ वर्षाली म्हणाली. ‘तुझी बायको गांजा ओढते.’

५

केदार आधी हसला, मग हसायचा थांबला. ‘पट्ट्या बोगस आहेत. सोपं आहे.’

‘बोगस असत्या तर सगळ्यांनाच दोन रेघा आल्या असत्या. सलिलला एकच का?’

‘कारण तो क्लीन आहे.’

‘आणि मी नाही?’

ती खुर्चीत बसली. वहीवर चार नावं लिहिली. देवराम, माळकरी. काळुराम, गांजाच्या वासाने ओकारी येणारा. वर्षाली, सकाळपासून दोन कप चहा. तिघांना दोन रेघा. आणि चौथा सलिल, गॉगलवाला, हिरव्या सिग्नलला ‘जागा होणारा’, ‘क्लीन’ म्हटल्यावर ‘काय?’ विचारणारा. ज्याने काही केलेलं नसतं तो निर्दोष सुटल्यावर असा चकित कशाला होईल? चकित तोच होतो ज्याला स्वतःचं ठाऊक असतं.

पट्टीने चार माणसांतून एकाला वेगळं काढलं होतं. अगदी बरोब्बर काढलं होतं! चुकलं होतं ते वाचणाऱ्याचं.

‘केदार, ही पट्टी करोनासारखी नाहीच. उलटी आहे. मीपण बघितलं ना फोटोत, मलापण दोन म्हणजे पॉझिटिव्हच वाटलं. सगळ्या आयांना वाटलं. आपण दुसरं काही बघितलेलंच नाही गं बाई कधी,’ ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

पण हा झाला तर्क. कागद हवा होता. आणि कागद कुठे आहे हे तिला अचानक दिसलं, सकाळी हललेल्या टेबलासकट.

‘हेमाली, ऑफिसात आहेस? टेबलाच्या पायाखाली घडी आहे बघ. काढ ती. उलगड. आणि मला वाचून दाखव.’

फोनवर टेबल सरकल्याचा आवाज. कागदाचा आवाज.

‘ताई...’ हेमालीचा आवाज चिरकला. ‘लिहिलंय, दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह. पुसट असली तरी निगेटिव्ह. लाळेत गांजा असला तर तो दुसरी रेघ उमटूच देत नाही. एक रेघ म्हणजे... ताई, मी काय करून बसले हे!’

‘रडू नकोस. फोटो काढून पाठव. शेठला सांग.’

‘सांगते.’

पाच मिनिटांत शेठचाच फोन आला. ‘मॅडम, आता घोळ नको. सहल होऊ दे, शुक्रवारी बघू. दोन दिवसांत निर्णय फिरवला तर पालक काय म्हणतील?’

‘शेठ, उद्या सोळा मुलं...’

फोन कट झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. ग्रुपवर कागदाचा फोटो टाकायला गेली तर खाली ओळ दिसली: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.

केदारने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘उद्या नयनला घरी ठेवू.’

‘ठेवू. आणि बाकीची पंधरा?’

वर्षालीने उरलेलं एक पाकीट ओढणीच्या टोकात बांधलं, दुकानात जाणाऱ्या बायका किल्ली बांधतात तसं.

६

गुरुवारी सातला व्हॅन-स्टँडवर पिवळ्या टोप्या घातलेली पोरं, टिफिन, पाण्याच्या बाटल्या आणि एकच गलका. सलिल गाडी सुरू करून बसलेला. पाच मुलं चढलीही होती.

वर्षाली गाडीसमोर जाऊन उभी राहिली. मधोमध.

‘मॅम, बाजूला व्हा.’

‘नाही होत.’

हॉर्न वाजला. ती हलली नाही.

‘मुलं खाली उतरवा,’ ती आयांना म्हणाली. ‘वीस मिनिटं द्या मला. वीसच.’

केतनशेठ धावत आले. ‘मॅडम, तमाशा करू नका!’

‘सोमवारी तुम्ही केलात ना, सगळ्यांसमोर? तसाच आहे हा.’ तिने ओढणीची गाठ सोडली. ‘शेठ, तुम्ही गांजा ओढता?’

‘काहीतरीच काय! देवाशपथ नाही.’

‘मग ही घ्या. काल मी घरी केली, पण ती तुम्हाला खरी वाटणार नाही. तुमचीच पट्टी, तुमच्याच ऑफिसातली. आधी सुपारी थुंका, चूळ भरा.’

आया हसल्या. आता मागे फिरणं शेठना शक्य नव्हतं. सुपारी बाहेर आली. दहा मिनिटं कोरड्या तोंडाने गेली, मग हेमालीने पुढे होऊन काडी फिरवली. पुढची दहा मिनिटं इतकी लांबली की सलिलने गाडी बंद केली. मुलांनी तोवर तिथेच फुगड्या सुरू केल्या होत्या.

डबी हातोहात फिरली.

‘दोन रेघा!’ नयनची मैत्रीण ओरडली.

‘अय्या, शेठ तुम्हीपण?’ मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

‘ही पट्टी खराब आहे!’ शेठ लाल झाले.

‘पट्टी चांगली आहे, शेठ, आणि तुम्हीही स्वच्छ आहात,’ वर्षाली म्हणाली. ‘देवरामकाका स्वच्छ आहेत, काळुरामदादा स्वच्छ आहेत, मी स्वच्छ आहे. हा कागद वाचा. तुमच्याच टेबलाच्या पायाखाली होता.’

शेठनी वाचला. एकदा, दोनदा. मग कुणी न सांगता सगळ्यांनी मोबाइल काढले आणि सोमवारचा तोच फोटो उघडला. तिसरी डबी. एक रेघ. चव्वेचाळीस इमोजींच्या वर.

गलका आपोआप विरला. सलिल दार उघडून खाली उतरलेला.

‘गॉगल काढ रे,’ सगुणामावशी म्हणाल्या.

‘मावशी, ऊन...’

‘ऊन कुठंय?’

त्याने गॉगल काढला. सकाळचे साडेसात, आणि डोळे कुंकवासारखे. ‘झोप येत नाही हो,’ तो म्हणाला. ‘दोन-चार झुरके मारले की बरं वाटतं. मुलांना कधी काही झालं का?’

एका आईने त्याच्या दिशेने पाऊल टाकलं. मधे देवरामकाका आले. सगुणामावशींनी त्यांना जवळजवळ ओढतच आणलेलं.

‘थांबा, ताय. कागदावर खाली काय लिवलंय तेबी वाचा.’

वर्षालीने वाचलं: ही प्राथमिक चाचणी आहे, अंतिम निकाल प्रयोगशाळेतून घ्यावा.

‘मना ती संधी कोनी दिली नाय,’ काका म्हणाले. ‘याला द्या. लॅबमदे जाऊन येऊ दे. तोवर चावी इकडं.’ त्यांनी हात पुढे केला. सलिलने चावी ठेवली. त्याची मान खाली गेली, आणि गोंगाटात जे झालं नव्हतं ते झालं, तो रडला.

केतनशेठनी ग्रुप उघडला. माफी लिहिताना त्यांनी तीनदा खोडलं. वर्षाली बाजूला उभी राहून वाचत होती. ‘चुकीमुळे’ नको, ‘आमच्या चुकीमुळे’ लिहा, ती म्हणाली. त्यांनी लिहिलं. ‘आणि काकांच्या नातीच्या सासरी फोन तुम्ही स्वतः करायचा. आत्ता, माझ्यासमोर.’ तोही केला.

सहल तासभर उशिरा निघाली. देवरामकाकांनी पहिल्याच वळणावर गाडी इतकी हळू घेतली की सोळा पोरांनी एका सुरात ‘बैलगाडीऽऽ’ म्हटलं. वर्षाली मागच्या सीटवर, घरून बोलावून घेतलेल्या नयनच्या खिडकीशी बसली होती. पंखा पुन्हा चालू झालेला, आणि या वेळी तिला त्याची लाज वाटत नव्हती.

टिटवाळ्याला मुलं रोपवाटिकेत शिरली तशी ती आणि सगुणामावशी काळुरामच्या बहिणीचं घर शोधत गेल्या. नव्या इमारतींच्या मागची चाळ सापडली. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, आलेला, दोन दिवस राहिला. कुणाशी बोलला नाही. बहिणीला म्हणाला, शेठ बोलतो ते खरं असेल, मीच घेतो ना. मग पिशवी घेऊन गेला. बहीण तेव्हापासून त्यालाच शोधत फिरते.

देवरामकाकांचं नाव परत आलं, कारण त्यासाठी भांडायला सगुणामावशी होत्या. काळुरामने स्वतःवरचा आरोप मुकाट खरा मानला. त्याच्या बाजूने वर्षालीसुद्धा आधी धावली नव्हती; ती धावलेली काकांसाठी. हे तिला अजून टोचतं.

काळुराम अजून सापडलेला नाही, म्हणून ही गोष्ट इथे सांगून ठेवली. वाचणारे तुम्ही टिटवाळा, आंबिवली, विठ्ठलवाडी, कुठलेही असाल. पन्नाशीचा माणूस, उजव्या भुवईवर कापल्याची खूण, निळी रेक्झिनची पिशवी, विचारलं तर पटकन स्वतःचीच चूक कबूल करणारा. एखाद्या गॅरेजजवळ, रिक्षा स्टँडवर दिसला तर जरा थांबा. जेवलास का विचारा. आणि सांगा त्याला: काळुरामदादा, तुमच्या खिडकीत दोन रेघा होत्या. दोन म्हणजे काही नाही. घरी या.